खेट्याची वही

"तू देवाला आलीयास का माणसं मोजायला?"

2020 चा पहिला खेटा. पहाटेचे चार वाजायला आले होते. शिवाजी पुलावर नदीकडून बोचरा वारा येत होता आणि मी कठड्याला टेकून मोबाईलच्या उजेडात वहीत आकडे टिपत होते. बायका किती, पुरुष किती, अनवाणी किती, कडेवर पोर घेतलेले किती. आई दहा पावलं पुढं जाऊन माझ्यासाठी थांबली होती. ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. आणि मला ते देता येईना, कारण गेलं दीड वर्ष मी स्वतःलाच तेच विचारत होते.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माघात सुरू होणारे पाच रविवार कोल्हापूरची माणसं पायी जोतिबाला जातात. त्याला खेटे घालणं म्हणतात. कोल्हासुराला मारायला जोतिबानं अंबाबाईला मदत केली आणि काम झाल्यावर तो हिमालयाकडं परत निघाला. तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत त्याच्या मागं गेली आणि विनवण्या करून त्याला डोंगरावर थांबवून घेतलं, अशी कथा आहे. तिच्याच वाटेनं आपण जायचं. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाशी पोचायचं आणि तिथून डोंगर चढायचा. आई लग्न होऊन शुक्रवार पेठेत आली तेव्हापासून तिचा एकही खेटा चुकलेला नाही. माझ्या वेळी तिला सातवा महिना होता, तरी ती वडणग्यापर्यंत चालून मग एसटीत बसली, असं आज्जी सांगायची.

आमचं कुलदैवत जोतिबा. देव्हाऱ्यात त्याचा टाक आहे, रविवारी आईचा उपवास असतो. लहानपणी ताप आला की आज्जी माझ्या कपाळाला डोंगरावरचा गुलाल लावून "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणायची आणि मला बरं वाटायचं. हे सगळं श्वासासारखं होतं. त्यावर कधी विचार करावा लागला नाही.

2018 साली मी शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम आला. दुर्खीम धर्मगुरूचा मुलगा, त्याचे वडील ज्यू रब्बी होते. पुढं त्यानं घरचा धर्म सोडला, पण धर्माचा अभ्यास मात्र आयुष्यभर केला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल इतरांनी लिहून ठेवलेली माहिती समोर ठेवून त्यानं 1912 साली धर्मावरचा आपला मोठा ग्रंथ काढला. सर फळ्यावर काहीही न लिहिता सांगत होते. ही माणसं वर्षातला बराच काळ लहान लहान टोळ्यांनी विखुरलेली असतात. मग एका ठिकाणी जमतात. नाच, आरोळ्या, रात्रभर जाळ. प्रत्येकाच्या अंगात अशी शक्ती येते की ती आपली एकट्याची नाही हे त्याला स्पष्ट जाणवतं. आणि ते खरंच असतं, ती त्याची एकट्याची नसतेच. ती जमलेल्या सगळ्यांची असते. तो मात्र तिला देवाची म्हणतो.

सरांनी ऑस्ट्रेलिया सांगितला आणि मला वाडी रत्नागिरी, जोतिबाच्या डोंगरावरचं गाव, दिसली. चैत्र पौर्णिमेची दुपार, कमरेला पट्टा बांधून त्यावर सासनकाठी तोललेली माणसं, चारी बाजूंनी दोर धरून ती काठी सावरणारी पोरं, हलगी, पिपाणी, आणि हवेत इतका गुलाल की शेजारचा ओळखू येत नाही. मी सहावीत असताना त्या गर्दीत बाबांच्या खांद्यावर बसून रडले होते. भीतीनं नाही. काय झालं होतं ते मला कधी सांगता आलं नव्हतं. आता एका फ्रेंच माणसानं ते शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, असं वाटलं. वर्गातल्या बाकीच्यांना तो परीक्षेत येणारा मुद्दा होता. मला मात्र घरातली एखादी भिंत काढून नेल्यासारखं झालं.

त्या रविवारी संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावला, हात जोडले, आणि काहीच झालं नाही. माझ्या आत कुणीतरी उभं राहून माझ्याचकडं बघत होतं: ही आता हात जोडते आहे, हा विधी आहे, हिला हे आज्जीनं शिकवलं. असं कित्येक महिने चाललं. आरती म्हणताना मी आरतीच्या बाहेर असायचे. सगळं कळत असतानाही मला ते नको होतं. मला माझा देव परत हवा होता. आणि तो मिळत नाही म्हणून अभ्यासावर राग येत होता. तरी अभ्यासही सोडवत नव्हता, कारण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला माझी माणसं समजावून सांगत होतं.

घरी बोलायची सोय नव्हती. बाबा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत. मी लघुप्रबंधासाठी खेट्यांचा विषय घेणार म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "देवाधर्माविरुद्ध काय लिहिणार न्हाईस न्हवं?" त्यांच्या काळजीला कारण होतं. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी पुरोगामी विचारवंत गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी फिरून घरी येत असताना आमच्या याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. 20 तारखेला पानसरे गेले. त्यांचे कितीतरी विचार बाबांना पटत नव्हते, पण त्या दिवशी ते जेवले नव्हते. त्यानंतर आमच्या घरात अशा विषयावर आवाज खाली करूनच बोललं जायचं.

शेवटी मी सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी पीटर बर्गर या समाजशास्त्रज्ञाची वाट दाखवली. बर्गर स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. पण समाजशास्त्र म्हणून लिहिताना देव आहे किंवा नाही यातलं काहीच गृहीत धरायचं नाही, माणसं काय करतात, काय म्हणतात, त्यातून काय घडतं एवढंच बघायचं, ही शिस्त त्यानं 1967 च्या आपल्या पुस्तकात मांडली. सरांनी ती आमच्या भाषेत सांगितली. "देवळात जाताना चप्पल बाहेर काढतेस, टाकून देत नाहीस. अभ्यासाला बसताना श्रद्धा तशी बाहेर काढून ठेव. उठलीस की घाल."

फार बरं वाटलं. दोन-तीन महिने त्या एका वाक्यावर निघाले. जे अशा अवस्थेत आहेत त्यांना मी आजही आधी हेच सांगेन, कारण दम घ्यायला जागा मिळते. पण त्या वाक्यानं सगळं सुटलं नाही. कारण सांगते.

माझी एक वर्गमैत्रीण होती. हुशार, माझ्याहून जास्त वाचणारी. तिच्या घरी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. एकदा खर्डेकर ग्रंथालयाच्या पायरीवर बसून मी तिला माझं दुःख सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला देव हरवल्याचं वाईट वाटतंय. आमच्या आजोबांनी 1956 नंतर घरातले देव आपल्या हातानं नदीत सोडले. तो दिवस ते सणासारखा सांगायचे." मग थोड्या वेळानं, "दुर्खीम म्हणतो ना, देव म्हणजे समाज? बरोबर आहे त्याचं. समाजानं आम्हाला जिथं उभं केलं, तुझ्या देवानंपण तिथंच उभं केलं. आजोबा गावच्या जत्रेत पालखीच्या पुढं हलगी वाजवायचे. पण पायरीपर्यंत. पायरी आली की हलगी थांबायची."

ती हे बोलत असताना मला आमचा कप आठवला.

पहिल्या सत्रात ती नोट्ससाठी घरी आली होती. आज्जी सोप्यात बसली होती. तिनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी आत चहा टाकत होते. आज्जी उठून आत आली आणि फळीवरच्या सगळ्यात मागचा कप काढून माझ्यापुढं ठेवला. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. म्हणाली, "ह्यात दे तिला." मी दिला. दुसरे कप धुवायचे राहिले असतील असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्याच क्षणी मला माहीत होतं. मैत्रिणीनं तो कान नसलेला कप दोन्ही हातांत धरून चहा प्यायला, चटका बसला तशी बोटं बदलली, आणि जाताना स्वतः विसळून पालथा घातला. तिलाही माहीत होतं.

यातली आणखी एक गोष्ट मला जास्त लागते. आठवीत असताना शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. भाषण गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलवर होतं. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि तिथं कुणी चहा पीत नाही म्हटल्यावर स्वतः गाडी थांबवून चारचौघांत त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले. ही गोष्ट मी हातवारे करून सांगितली होती, टाळ्या घेतल्या होत्या. आज्जी पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच आज्जीनं तो कप काढला. माझ्या मते ती ढोंगी नव्हती. तिच्यासाठी गुलाल, दिवा, उपवास, आडनाव विचारणं आणि तो कप हे सगळं एकाच वेटोळ्यातलं होतं, आणि त्यातला एक पदर वेगळा काढता येतो हे तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. 2019 च्या उन्हाळ्यात ती गेली. विचारायचं राहून गेलं.

म्हणून म्हणते की चपलेचा दाखला मला पुरला नाही. श्रद्धा बाहेर काढून ठेवून अभ्यास करायचा आणि उठल्यावर जशीच्या तशी परत घालायची, हे माझ्याच्यानं होईना. अभ्यासातून जे दिसलं होतं ते श्रद्धेला विचारल्याशिवाय मला देव्हाऱ्यापुढं बसता येणार नव्हतं. देव आहे की नाही हा माझा प्रश्न हळूहळू मागं पडला. माझ्या भक्तीत किती देव आहे आणि किती आमच्या घराण्याचा मान आहे, हा प्रश्न पुढं आला. हा समाजशास्त्राचाच प्रश्न आहे. आणि भक्ताचाही आहे असं मला वाटतं.

आमच्या कोल्हापूरला तो नवा नाही. 1899 च्या कार्तिकात याच पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणत नाहीत, शूद्रांसाठीचे पुराणोक्त म्हणतात, हे उघडकीला आलं आणि वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. त्या सगळ्या भांडणात देव आहे की नाही यावर कुणाचा वाद नव्हता. कुणाच्या अंगावर कुठला मंत्र पडायचा, यावर होता. महाराजांनी धर्म सोडला नाही. 1902 साली राखीव जागांचा जाहीरनामा काढला, वसतिगृहं उभी केली, 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंचं, पीठ निर्माण केलं, त्याच वर्षी माणगावच्या अस्पृश्यांच्या परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिले. हे मला शाळेपासून पाठ होतं. एक श्रद्धावान माणूस आपल्या श्रद्धेतल्या पायऱ्या मोजतो आहे, असं मात्र त्याच्याकडं पहिल्यांदाच बघितलं.

मग विठ्ठल रामजी शिंदे वाचले, आणि खरा आधार तिथं मिळाला. जमखंडीचा वारकरी घरातला मुलगा. 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात जगातल्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत येऊन 1906 साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली आणि स्वतः कुटुंबासह अस्पृश्य वस्तीत राहायला गेले. अस्पृश्यता कुठून आली, कशी टिकली, यावर माहिती गोळा करत राहिले आणि 1933 साली त्यावर पुस्तक काढलं. हा माणूस रोज उपासना करायचा. एकाच दिवसात सकाळी प्रार्थना आणि दुपारी वस्तीची पाहणी. समाजशास्त्राच्या वर्गात श्रद्धावान अभ्यासक म्हटलं की परदेशी नावं यायची, आणि आपल्याच मातीत एक जण इतकं करून गेला होता. मला त्याचा अभिमान वाटला, आणि हे इतक्या उशिरा कळल्याचं वाईटही वाटलं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही वारीत चालत असताना ब्राह्मण आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे टिपलं आणि त्याचं दुःख लपवलं नाही. चालायचंही, आणि जे दिसतं ते लिहायचंही.

तर पहिल्या खेट्याला ही वही माझ्या हातात होती.

आईच्या प्रश्नानंतर मी वही पिशवीत टाकली आणि चालू लागले. अनवाणी. वडणग्याच्या पुढं डांबरावरची खडी टोचायला लागली. अंधारात पुढून कुणीतरी "चांगभलं" म्हणायचं, मग मागून, मग शेतातून आडवाटेनं येणाऱ्या कुणाकडून. पावलं आपोआप एका तालात पडायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की ते आत उभं राहून बघणारं कुणीतरी आता माझ्याबरोबर चालतंय. गेलं नव्हतं. पण त्याचेही पाय दुखत होते. पुढं त्या वर्षभरात दुर्खीमचं 1914 सालचं एक भाषण इंग्रजी संकलनात सापडलं. समोर धर्म न मानणारे आणि मानणारे असे दोन्ही लोक बसलेले. न मानणाऱ्यांना तो सांगतो की धर्म आतून जाणवून घेतल्याशिवाय त्यावर बोलणं म्हणजे आंधळ्यानं रंगांवर बोलणं. आणि मानणाऱ्यांना सांगतो की थोडा वेळ तुमचं ठरलेलं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून माझ्याबरोबर बघा. वर्गात ज्यानं माझी भिंत काढून नेली तोच माणूस हे म्हणत होता. ते वाचताना मला कुशिऱ्याचा रस्ता आठवला.

दुसऱ्या खेट्यापासून मुलाखती सुरू केल्या. पंधरा प्रश्नांची यादी करून नेली होती, ती अर्ध्या तासात निरुपयोगी ठरली. चालणारा माणूस प्रश्नाचं उत्तर देत नाही, त्याला जे सांगायचं असतं ते सांगतो. आणि त्या वर्षी सगळ्यांना एकच सांगायचं होतं, महापूर. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट. चिखली, आंबेवाडी पाण्याखाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी होडी लागली होती.

गायमुखाच्या अलीकडं झाडाखाली एक सत्तरीच्या आजी टाचेतला काटा काढत बसल्या होत्या. मी पिन दिली. त्यांचं घर पुरात पडलं होतं. बाजूची दोन्ही घरं उभी, मधलं यांचं बसलं. इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल 1937 साली लिहिलेलं मला लगेच आठवलं. धान्याचं कोठार वाळवीनं खांब खाल्ले म्हणून कोसळतं, हे अझांद्यांनाही कळतं. पण नेमकी तीच माणसं नेमक्या त्याच वेळी त्याखाली का बसली होती, हा त्यांचा प्रश्न असतो. मी आजींना विचारलं, "तुमचंच घर का पडलं असं वाटतं?" मला वाटलं होतं त्या देवाचा कोप म्हणतील, नशीब म्हणतील, आणि मला एक छान उदाहरण मिळेल.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "का म्हंजे? मातीचं हुतं म्हणून. शेजारच्यांचं शिमिटाचं हाय." मग काटा बोटावर घेऊन बघत म्हणाल्या, "ते इचाराय मी देवाकडं न्हाई जात, बाई. ते मला ठावं हाय. शिमिटाचं घर कुणाचं आन् मातीचं कुणाचं, ते बी ठावं हाय. आता फुडं कसं उभं ऱ्हायाचं तेवढं मागाय जातो."

मी बराच वेळ काही लिहिलं नाही. ज्या दोन गोष्टी जुळवता जुळवता मला दीड वर्ष झोप लागली नव्हती, त्या या बाईच्या बोलण्यात एकाच श्वासात आल्या होत्या. घर का पडलं याची तिला खडानखडा समज होती, कुणाची घरं पडतात याचीही. आणि तरी ती काटा काढून परत चालायला लागली. तिची श्रद्धा माहितीची जागा भरत नव्हती. मी मात्र इतके दिवस धरून चालले होते की देव म्हणजे न कळलेल्या गोष्टींचं उत्तर, आणि म्हणून एकेक गोष्ट कळत गेली की देव तेवढा आटत जाणार.

लघुप्रबंधात हा प्रसंग दीड पानात आहे. माझ्या मार्गदर्शकांना तो सैल वाटला, नमुना पुरेसा नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं शास्त्र म्हणून योग्य होतं. तरी मी तो काढला नाही.

चौथ्या खेट्याला मैत्रीण आली. मी आग्रह केला नव्हता. तिला सासनकाठीवाल्या मानकऱ्यांच्या याद्यांमध्ये रस होता. चैत्रात पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा, मग ठरलेल्या क्रमानं बाकीच्या, आणि हा क्रम म्हणजे एका जुन्या समाजाचा नकाशाच आहे असं ती म्हणायची. ती बूट घालून चालली, चांगभलं म्हणाली नाही, देवळात आली नाही. बाहेर दीपमाळेजवळ बसून गुरव मंडळींपैकी एकाशी तिनं तासभर गप्पा मारल्या आणि माझ्या सगळ्या मुलाखतींपेक्षा जास्त माहिती काढली. मी आत गेले. रांगेत पुढं सरकत असताना मनात एवढंच आलं की ही बाहेर बसली आहे, ती स्वतःच्या मर्जीनं, आणि तिचे आजोबा बाहेर उभे राहायचे ते दुसऱ्यांच्या. देवापुढं पोचल्यावर मी माझ्यासाठी काही मागितलं नाही. आज्जीसाठी क्षमा मागितली, आणि मी त्या दिवशी गप्प बसले त्यासाठी. दीड वर्षानं पहिल्यांदा मी प्रार्थना करताना प्रार्थनेच्या आत होते.

बाहेर आल्यावर आईनं उपवास सोडायला भाकरीचं गाठोडं सोडलं. तीन भाकऱ्या, झुणका, मिरचीचा ठेचा. एकाच फडक्यावर तिघी जेवलो. मैत्रिणीनं ठेच्याची तारीफ केली, आईनं कृती सांगितली.

घरी आल्यावर रात्री मी आईला कपाचं विचारलंच. ती भांडी लावत होती, हात थांबले. "मला दिसलं हुतं. सासू हुती ती माझी, मी बोललो न्हाई. ते माझं चुकलं." आमच्याकडच्या बायका "बोलले" म्हणत नाहीत, "बोललो" म्हणतात. त्या रात्री ते "बोललो न्हाई" मला फार जड लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याच कपातून चहा पीत होती. मी बघितल्यावर म्हणाली, "चांगला हाय कप, टाकायचा कशाला." तेव्हापासून तो तिचा कप आहे.

पाचवा खेटा झाला आणि पंधरा दिवसांत टाळेबंदी आली. चैत्र पौर्णिमेची यात्रा रद्द. आमच्या आठवणीत डोंगर पहिल्यांदाच मोकळा. मी घरात बसून निष्कर्षाचं प्रकरण लिहीत होते आणि दुर्खीम पुन्हा समोर येऊन उभा राहिला. देवाची शक्ती म्हणजे जमलेल्यांची शक्ती असेल तर यंदा कुणीच जमणार नाही. मग आज काय असेल? मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "मीपण तोच विचार करतेय. आंबेडकर जयंतीच्या आदल्या रात्री, 13 एप्रिलला बारा वाजता, बिंदू चौकात नसणं मला माहीतच नाही. लहानपणापासून दरवर्षी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर असतो आम्ही." तिचा आवाज जड झाला होता. तिच्याकडं देव नव्हता. पण त्या चौकातली ती रात्र तिच्याकडं होती.

यात्रेच्या दिवशी संध्याकाळी, जोतिबाची पालखी डोंगरावरच्या यमाई देवीकडं निघायच्या सुमाराला, आई गच्चीवर गेली. मागून बाबा आणि मी. आमच्या गच्चीवरून वायव्येला डोंगर दिसतो. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. आईनं चिमूटभर गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे डोंगराच्या दिशेनं उधळले. "औंदा दवणा न्हाई मिळाला रं बाबा," असं ती डोंगराला सांगत होती, घरातल्या माणसाला सांगावं तसं. बाबांनी आधी इकडंतिकडं बघितलं, मग चांगभलं म्हणाले, नेहमीच्या यात्रेतल्या इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या गच्चीवरून उत्तर आलं, आणि तिच्यापलीकडून आणखी एक. दुर्खीमला याचंही उत्तर असणार. जमाव माणसाच्या आतही राहतो, असंच तो म्हणाला असता. मी ते निष्कर्षात लिहिलं आहे आणि ते मला पटतंही. त्या क्षणी मी गच्चीच्या कठड्याला धरून रडत होते, सहावीतल्यासारखी.

खाली येऊन सवयीनं वही काढली. तारीख घातली आणि पहिल्या खेट्याचे रकाने भरले. बायका दोन. पुरुष एक. अनवाणी तीन.

आईनं खांद्यावरून वाकून वाचलं. "आन् त्याला न्हाई धरलंस?"

मी खाली एक ओळ मोकळी सोडली. प्रबंध जमा केला त्यात ते पान नाही. वहीत आहे, आणि ती ओळ अजून तशीच मोकळी आहे.